मुद्रकाचं नाव घालू नका

२०२३ च्या जुलैत चिकोडी तालुक्यातल्या हिरेकुडीच्या आश्रमातून जैन मुनी कामकुमारनंदी महाराज नाहीसे झाले. दोन दिवसांनी रायबाग तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या बोअरवेलमध्ये त्यांच्या देहाचे तुकडे सापडले. बेळगाव, चिकोडी, निपाणीपासून पार सांगली-कोल्हापूरपर्यंतचा पट्टा हादरून गेला. आमच्या भागात जैन समाज मोठा. बहुतेक शेतकरी. आणि दिगंबर मुनी म्हणजे पिंछी-कमंडलू घेऊन पायी फिरणारा, अंगावर सूतही नसलेला माणूस. त्याच्यावर हात उचलायचा म्हणजे काय, हेच कुणाला समजेना. पोलिसांनी दोघांना पकडलं. एक हिंदू, एक मुसलमान. पैशाच्या देण्याघेण्यातून खून झाला, असं पोलिसांचं म्हणणं होतं.

बेळगावच्या शहापुरात माझा लहानसा छापखाना आहे. प्रूफ बघायला आलेली माणसं बाकड्यावर बसून पेपर मोठ्याने वाचतात, ही जुनी सवय. त्या आठवड्यात पेपरात दोन नावं होती आणि बाकड्यावर एकच वाचलं जात होतं. दुसरं गिळून टाकायचे. एकाने विचारलंच, ‘अहो, दुसरा तर आपल्यातलाच हाय की.’ त्यावर उत्तर तयार होतं: ‘तो पैशाला भुलला असणार.’ म्हणजे खून एकच, कटही एकच, पण आपल्यातल्याने मारलं ते पैशासाठी आणि त्यांच्यातल्याने मारलं ते धर्मासाठी. आपल्या माणसाला कारण असतं, परिस्थिती असते, वाईट संगत असते. दुसऱ्याला नुसता धर्म असतो.

चाचा तेव्हा मशीन पुसत होते. वडिलांच्या वेळेपासून ते आमच्याकडे मशीनवर आहेत. मशीन बंद होतं, खोली दहा बाय बाराची, तरी त्यांना काही ऐकू आलं नाही असं सगळ्यांनी धरून चाललं. त्यांनीही तसंच धरून चाललं.

छापखान्यात एक बरं असतं, कुणाचंच वाचून चालत नाही. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, गणेश मंडळांचे अहवाल, उरुसाची पत्रकं, पंचकल्याणक पूजेच्या पत्रिका, चर्चच्या फेस्ताची कार्डं. एका पत्रिकेच्या माथ्यावर ‘श्री गणेशाय नमः’, दुसरीच्या माथ्यावर ‘७८६’, तिसरीवर ‘श्री बसवेश्वर प्रसन्न’, आणि कागद मात्र सगळ्यांना तोच हवा, सोनेरी कडेचा. उर्दूचं प्रूफ चाचा बघतात, कन्नडचं माझी बायको, मराठीतल्या चुका गिऱ्हाईकच काढतं.

हिरेकुडीनंतर दोन वर्षांनी सौंदत्ती तालुक्यातल्या हुलीकट्टी गावाचं नाव पेपरात आलं. १४ जुलै २०२५ ला तिथल्या सरकारी शाळेच्या टाकीचं पाणी पिऊन मुलं आजारी पडली. नशीब, कुणी दगावलं नाही. शाळेचे हेडमास्तर मुसलमान, तेरा वर्षं त्याच शाळेत. ऑगस्टच्या सुरुवातीला तिघांना अटक झाली आणि त्यात एका हिंदुत्ववादी संघटनेचा तालुकाध्यक्ष निघाला. पोलिसांच्या म्हणण्यानुसार हेडमास्तरांवर आळ यावा, त्यांची बदली व्हावी, म्हणून हा उद्योग. पाण्यात विष टाकायला लावलं तेही शाळेतल्याच एका पोराला, चॉकलेट आणि पाचशे रुपये हातावर ठेवून.

खटल्यात काय शाबीत व्हायचं ते होईल. पण पोलीस सांगतात तसा बेत खरंच असेल, तर मला विषापेक्षा त्यामागचा हिशेब जास्त भयंकर वाटतो. पोरं उलट्या करायला लागली की गाव टाकी कुणी उघडली हे विचारत बसणार नाही, हेडमास्तरांचं आडनाव बघेल, या भरवशावर सगळं उभं होतं. विष कृषी केंद्रात मिळतं. ही दुसरी वस्तू मात्र गावानेच पुरवायची होती. आणि तो भरवसा अगदीच फोल होता असं माझ्या बाकड्यावरचं बोलणं ऐकून मला तरी म्हणवत नाही.

धर्माच्या नावाने मारणाऱ्याचं लक्ष मेलेल्यांपेक्षा मागे राहिलेल्यांकडे असतं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली. पर्यटकांना धर्म विचारून मारलं. विचारलं मरणाऱ्याला, पण ऐकवायचं होतं देशाला. नंतरच्या दिवसांत कुठे कुठे शिकायला असलेल्या काश्मिरी पोरांना खोल्या सोडून जा म्हणून दम दिले गेले, तेव्हा त्या बंदूकवाल्यांचं उरलेलं काम इथली माणसं फुकटात करत होती. आदिल हुसेन शाह हा घोडेवाला पर्यटकांना वाचवायला मध्ये पडला आणि त्याच मैदानात मेला, ही गोष्ट आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली तशी पुढच्या पाच मिनिटांत वर सरकून गेली. ‘सगळा धर्मच तसला’ म्हणणारा स्वतःला अतिरेक्याचा कट्टर वैरी समजतो. खरं तर मूळ मुद्द्यावर दोघांचं एकमत असतं: हा बंदूकवालाच त्या धर्माचा खरा माणूस, बाकीचे कोटी कोटी लोक नुसते गप्प बसलेले.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. जुना पुणे-बंगळूर रस्ता बेळगावला लागून जातो. त्या रस्त्यावरची चार शहरं घ्या. पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकर. कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ ला कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या, ते २० तारखेला गेले. धारवाडात त्याच वर्षी ३० ऑगस्टला कन्नड संशोधक डॉ. एम. एम. कलबुर्गी, सकाळी, स्वतःच्या घराच्या दारात. बंगळुरात ५ सप्टेंबर २०१७ ला पत्रकार गौरी लंकेश. एकाच रस्त्यावरचे चार खून, आणि बेळगाव बरोबर मधे. पुढे कर्नाटकच्या विशेष तपास पथकाने सांगितलं की खानापूर तालुक्यातल्या रानात पिस्तुलाचा सराव झाला होता. कलबुर्गी आणि गौरी लंकेश या दोघांना लागलेल्या गोळ्या ७.६५ मिलिमीटरच्या एकाच गावठी पिस्तुलातल्या, असं न्यायवैद्यक तपासणीत निघालं.

खानापूरचं रान म्हणजे आमच्या लेखी काय? जांभळं, काजू, गवे, पावसाळ्यात वाट बंद, आणि मे महिन्यात आजोळ. तिथे ही शाळा भरत होती म्हणे. बातमी आली तेव्हा आमच्या नात्यातले, शेजारचे, सगळे एकच वाक्य बोलत होते: ‘ती माणसं वेगळी.’ बरोबरच होतं ते. जांबोटीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईचा त्या पिस्तुलाशी काय संबंध? हिंदू धर्माने कलबुर्गींना मारलं असं कुणी म्हटलं नाही, म्हणायचंही नव्हतं. आपल्यातले गहू आणि खडे वेगळे करायला आपल्याला एक क्षणही लागत नाही. हात सरावलेला आहे. दुसऱ्याच्या सुपाशी आलो की तोच हात एकदम आखडतो.

न्यायालयाची रीत मला म्हणूनच पटते. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडलं. तो निकाल पुरेसा होता की नाही यावर पुष्कळ बोलता येईल, सूत्रधारांचं काय हा प्रश्न तर उरतोच. पण एकाच खटल्यात, एकाच धर्माच्या, एकाच ओळीत उभ्या असलेल्या पाच माणसांचा पाच वेळा वेगळा विचार झाला. तिथे प्रत्येकाला नाव विचारतात.

नाव नको असतं ते दुसऱ्यांना. २०२२ च्या पाडव्याच्या सुमारास कर्नाटकात हिजाबचा वाद पेटलेला होता, हलालचं मटण घेऊ नका, देवळाच्या जत्रेत मुसलमान दुकानदारांना बसू देऊ नका, अशी हाकाटी चालली होती. दोन पोरं मोबाइलवर मजकूर घेऊन प्रेसवर आली. हँडबिल छापायचं होतं. पोरं ओळखीची, चांगल्या घरची. रक्तदान शिबिरात पहिली सुई टोचून घेणारी. एकाच्या ताईची पत्रिका माझ्याकडेच छापलेली. मजकूर वाचला. कुणाकडून काय घ्यायचं नाही याची यादी होती, वर भगवी पट्टी, शेवटी ‘जागे व्हा’. मी कागद कुठला, किती, विचारायच्या आत त्यातला एक हळूच म्हणाला, ‘अण्णा, खाली प्रेसचं नाव तेवढं घालू नका हां.’

छापणाऱ्याला ही ओळ ऐकली की कळतं. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता छापायची १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने सक्ती आहे, आणि निवडणूक नसली तरी जुन्या माणसांनी आम्हाला लावलेली शिस्त तीच: जे नावानिशी छापता येत नाही ते छापायचं नाही. मी नाही म्हटलं. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या कुणाला हव्यात! ‘नाव घालतो, तुमचंही घालतो, मग छापतो,’ म्हटल्यावर पोरं हसली आणि गेली. त्यांना प्रेसची गरजही नव्हती. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर गुलाबाच्या फुलांसकट माझ्या मोबाइलवर आला, आणि तिथे तर मुद्रक नावाची जागाच नसते.

ती गेल्यावर चाचा एवढंच म्हणाले, ‘मालक, ह्यांच्या मंडळाचा अहवाल आपणच छापतो नव्हं? त्यात आमच्या भावाच्या गॅरेजची जाहिरात हाय की. अर्धं पान.’

मी कपाटातून अहवाल काढून बघितला. होती. ‘सर्व गणेशभक्तांना हार्दिक शुभेच्छा’ आणि खाली स्पेअर पार्टची यादी.

इथे बहुतेक लेखांत एक वाक्य येतं, की कोणताही धर्म हिंसा शिकवत नाही. मला ते पटत नाही. ग्रंथ जुने आहेत, त्यांत दयाही आहे आणि दंडही आहे. कुणी काय उचलायचं ते उचलणारा ठरवतो, आणि शतकानुशतकं माणसांनी दोन्ही उचललेलं आहे. बेळगावहून धारवाडला जाताना एम. के. हुबळी लागतं. तिथे मलप्रभेच्या पात्रात बसवण्णांच्या पत्नी गंगांबिका यांचं ऐक्यस्थान, म्हणजे समाधी, आहे. बाराव्या शतकात कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, मधुवरस या ब्राह्मणाची मुलगी हरळय्या या चांभाराच्या मुलाला दिली. परंपरा सांगते की बिज्जळ राजाने त्या दोन्ही बापांना देहदंड दिला, शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांची, कत्तल झाली, आणि उरलेले वचनांच्या पोथ्या उराशी धरून याच भागातून उळवीच्या रानाकडे पळाले. म्हणजे धर्माच्या नावाने जीव घेणं आणि धर्माच्याच जोरावर त्याला नकार देणं, दोन्ही याच रस्त्याने गेलं आहे. मारणारे आणि मरणारे दोघेही देव मानणारेच होते.

कलबुर्गी आयुष्यभर हीच वचनं शोधत, तपासत, छापत राहिले. १९८९ मध्ये त्यांच्याच समाजातल्या कर्मठांनी त्यांच्यावर इतका दाब आणला की त्यांना आपलं लेखन मागे घ्यावं लागलं. ते त्यांनी बौद्धिक आत्महत्या म्हणून सांगितलं. तेव्हा पिस्तूल नव्हतं. धमक्या होत्या, आणि बघत राहिलेली पुष्कळ सभ्य माणसं होती. ते लेखन वाचलेलीसुद्धा त्यांत थोडीच असतील. म्हणून लिंगायत समाज दोषी का? मुळीच नाही, कलबुर्गींचे वाचक, विद्यार्थी, त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरलेले मठाधीशही त्याच समाजातले. पण दाब आणणारे कोण होते, हा प्रश्न त्या समाजाने आपल्या घरात विचारायचा असतो, आणि तो बाहेरच्याने विचारण्यापेक्षा घरच्याने विचारला तर टोचतो जास्त.

या बाबतीत सीमाभागातल्या मराठी माणसाला तरी कुणी शिकवायला नको. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगाव तालुक्यात एका कंडक्टरला मारहाण झाली. मराठीत बोलण्यावरून वाद झाला, असं त्याचं म्हणणं. मारणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे त्या बसमध्ये होतो. चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटी ड्रायव्हरच्या तोंडाला काळं फासलं गेलं, दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या, २२ मार्चला कर्नाटक बंद झाला. माझा कन्नड शाईवाला, ज्याच्याशी वीस रुपयांवरून घासाघीस करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, तो फोनवर म्हणाला, ‘तुमच्या लोकांनी हे काय केलं हो?’ मी म्हटलं, ‘माझे लोक कोण? मी दुकानात होतो.’ तो म्हणाला, ‘तसं नव्हे हो, जनरल बोलतोय.’

जनरल! सगळं अनर्थाचं घर त्या जनरलमध्ये आहे. १९५६ पासून ‘हे मराठी लोक’ या नावाखाली आम्ही ते ऐकत आलो आहोत आणि प्रत्येक वेळी आमचं उत्तर ठरलेलं: चार पोरांचं भांडण, ते सगळ्या समाजाच्या माथी मारू नका. अगदी योग्य उत्तर. तेच उत्तर चाचांनी दिलं तर मात्र बाकड्यावरचा माणूस म्हणतो, ‘ते खरं हो, पण त्यांच्यात जरा जास्तच आहे.’

अशा लेखात मोहरमचं उदाहरण यायला हवं, तर देतो. सौंदत्ती तालुक्यातल्या हिरेबिदनूरमध्ये मुसलमानाचं घर नाही, तरी तिथे मोहरम होतो; दर्ग्याची पूजाअर्चा हिंदू पुजारी करतो, गाव पाच दिवस त्यात असतं. आमच्या भागात पंजे बसवणारी, अलाव्याभोवती नाचणारी हिंदू घरं कितीतरी आहेत. छान आहे. पण मला या गोष्टींचा अलीकडे थोडा कंटाळा येतो, कारण शिरखुर्म्याच्या वाट्या इकडून तिकडे जातात त्याच गल्लीत घर भाड्याने द्यायची वेळ आली की एजंट आधी आडनाव विचारतो. चाचांच्या मुलाला, चांगल्या नोकरीतल्या, बापाच्या छापखान्यापासून जवळ खोली हवी होती. प्रत्येक घरमालक चांगला माणूस होता. प्रत्येकाने सांगितलं, ‘आम्हाला काही नाही हो, वरच्या मजल्यावरच्यांना चालणार नाही.’ वरच्या मजल्यावरचे म्हणाले, खालच्यांना चालणार नाही. दोष कुणाचा, तर कुणाचाच नाही. ती खोली अजून मिळालेली नाही.

उलट बाजूने असंच होतं, हेही सांगायला हवं. २०२५ च्या मे महिन्यात कर्नल सोफिया कुरेशी देशाला माहीत झाल्या. त्यांचं सासर आमच्या गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरचं. मध्य प्रदेशातला एक मंत्री त्यांना अतिरेक्यांची बहीण म्हणून मोकळा झाला, उच्च न्यायालयाने आपणहून गुन्हा नोंदवायला लावला. त्याच दिवसांत समाजमाध्यमांवर दुसरी आवई उठली की बेळगावात त्यांच्या घरावर हिंदू संघटनेच्या लोकांनी हल्ला केला. साफ खोटं. जिल्हा पोलीसप्रमुखांना खुलासा करावा लागला. खोटं पसरवणाऱ्याला माहीत होतं की पलीकडेही कुणीतरी ‘ते लोक तसलेच’ म्हणून मान डोलावायला बसलेलं आहे.

मग आपल्यातल्याने काही केलं तर करायचं काय? ‘तो आमचा नव्हेच’ म्हणून सुटायचं? मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, २००८ च्या नोव्हेंबरात, मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना दफनासाठी जागा द्यायला मरीन लाइन्सचं बडा कब्रस्तान चालवणाऱ्या ट्रस्टने नकार दिला. प्रेतं जे. जे. रुग्णालयात वर्षभराहून जास्त पडून राहिली, शेवटी सरकारने २०१० च्या जानेवारीत गुपचूप पुरली. मेलेल्याला माती देणं हे मुसलमानाचं मोठं कर्तव्य, त्यामुळे हा नकार तोंडदेखला नव्हता. त्या ट्रस्टचा त्या नऊ जणांशी काही संबंध नव्हता. तरीही त्यांनी आपल्या हातात होतं तेवढं केलं, आपल्या नावाने.

२०२४ च्या ऑक्टोबरात गौरी लंकेश खटल्यातल्या आरोपींपैकी आणखी काहींना जामीन मिळाला. त्यातले दोघे विजापूरला परतले, तेव्हा हार घालून, घोषणा देऊन त्यांचं स्वागत झालं. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे मान्य. सहा वर्षं खटला रेंगाळला तर जामीन द्यायलाच हवा, हेही मान्य. पण चेक बाउन्सच्या केसमध्ये जामीन मिळालेल्याला हार घेऊन कुणी उभं राहत नाही. हार घालणारी माणसं मूठभर होती, ती हिंदू समाज नव्हे, आणि कुणी तसं म्हणालं तर मी भांडेन. फक्त फोटोत त्यांचे चेहरे स्वच्छ दिसत होते. त्यांना जाऊन विचारायचं काम चाचांचं नाही.